आषाढातली वीज, वैशाखातलं पाणी

गेल्या जुलैत आम्ही दोघं दापोली तालुक्यातल्या आमच्या मांगरात, म्हणजे घर बांधायच्या आधी शेतावर घातलेल्या पत्र्याच्या खोपीत, आठ दिवस राहायला गेलो होतो. तिसऱ्या रात्री साडेनऊला बॅटरी संपली. इन्व्हर्टर तीनदा पिकपिकला आणि गप्प झाला. बाहेर पाऊस असा, की पत्र्यावरच्या आवाजात शेजारी बसलेल्या माणसाचं बोलणं ऐकू येईना. नवऱ्याने चाचपडत काडेपेटी शोधली, ती सादळलेली. लॅपटॉपमध्ये माझं भाषांतर अर्धवट अडकलेलं, सकाळी दहाची मुदत. पण खरी चीड वेगळ्याच गोष्टीची आली. पुण्यात बसून मी विजेचा जो तक्ता केला होता, त्यात याच मांगरात लागेल त्याच्या दुप्पट वीज रोज तयार होत होती.

तक्त्यातलं गणित बरोबरच होतं. 330 वॅटचं एक पॅनल, दिवसाला साडेचार तासांचं चांगलं ऊन, वायर-बॅटरीतली घट वजा केली तरी एक युनिट. आमचा खर्च अर्धा युनिट. फक्त साडेचार तास ही वर्षाची सरासरी होती आणि आम्ही आषाढात गेलो होतो. झडीच्या दिवसांत त्या पॅनलने पाव युनिटही दिलं नाही. 150 अँपिअर-अवरची एक ट्यूब्युलर बॅटरी, तिच्यातली निम्मीच वापरायची असते, म्हणजे जेमतेम 0.9 युनिट. रोजची तूट पाव युनिटाच्या थोडी वर. तिसरी रात्र म्हणजे अगदी वेळेवर संपली म्हणायची.

सकाळी काकी पेजेचा टोप घेऊन आली. ही माझी चुलत काकी, चौऱ्याहत्तर वर्षांची, आमच्या खालच्या अंगाला एकटी राहते. तिला सगळी कथा सांगितली. ती म्हणाली, "उघडीप पडली की येईल गो तुझी लाईट. तोवर जेवणं उजेडी करा." आणि मग माझ्याकडे जरा बघून, "आगोट केलीस का तू?"

नव्हती केली. तो शब्दच मी वीसेक वर्षांत उच्चारला नव्हता.

*

थोडं मागे जाते. वडील गेल्यावर सातबारा हातात आला, त्यावर चौतीस नावं. कोकणात हे कुणाला नवीन नाही. पणजोबांच्या मुलांची मुलं, त्यांच्या बहिणी, लग्न होऊन विरारला गेलेल्या, एक तर बडोद्याला. त्यातले सहा जण वारलेले आणि त्यांच्या वारसांची नोंदच नाही. स्वस्तात शेतावर घर बांधायचं म्हणून लोक आधी पॅनलची किंमत विचारतात. आमचा पहिला खर्च झाला तो एस.टी.च्या तिकिटांचा, मिठाईच्या पुड्यांचा आणि स्टँप पेपरचा. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम 85 खाली वाटप व्हायला सगळ्यांनी एकत्र बसावं लागतं. आमच्या बाबतीत ते साडेतीन वर्षांनी बसले. आमच्या वाट्याला 52 गुंठे आले. त्यातले पंधराएक गुंठे सडा, नुसता कातळ, सातबाऱ्यावर पोटखराबा, म्हणजे लागवडीला निरुपयोगी. शेतघराला किमान 0.40 हेक्टर, म्हणजे ढोबळमानाने एकर लागतो, तेवढी जमीन भरली एवढंच. विकत घेणाऱ्यांसाठी एक गोष्ट सांगून हा कंटाळवाणा भाग संपवते. कुळकायद्याच्या कलम 63 मुळे शेतकरी नसलेल्याला शेतजमीन सरळ घेता येत नाही. "ते आम्ही बघून घेतो" म्हणणारा एजंट भेटला तर त्याला चहा पाजून निरोप द्यावा.

वाटेचं मात्र सांगायला हवं. डांबरी संपते तिथून आमचं शेत 200 मीटर, आणि ते 200 मीटर म्हणजे एक पाखाडी, दगडी पायऱ्यांची वाट, आणि दोन चुलतभावांच्या कुंपणांमधली पायवाट. वहिवाटीचा रस्ता कुणी अडवला तर मामलतदार न्यायालय अधिनियम, 1906 चं कलम 5 आहे, रस्ताच नसेल तर महसूल संहितेचं कलम 143 आहे. दोन्ही मी पाठ करून गेले होते. भाऊ म्हणाला, "वाट तुझीच आहे गं, पण टेम्पो नाही यायचा." टेम्पो येत नाही म्हणजे काय, ते चिरे उतरवताना कळलं. एक जांभा चिरा तीस-पस्तीस किलोंचा. खाणीवरचा भाव, त्यात गाडीभाडं, आणि त्यावर डोक्यावरून वाहायची मजुरी. शेतात पोचेपर्यंत चिऱ्याची किंमत जवळजवळ दीडपट झालेली. एका शहाण्या वास्तुसल्लागाराने आमच्या घराचा आराखडा 26 लाखांचा दिला होता, त्यातही ही डोक्यावरची वाहतूक धरलेली नव्हती.

आमची मर्यादा 9 लाख. त्याच्या वर एक रुपया गेला तरी कर्ज काढावं लागेल, आणि कर्ज काढून साधं राहायला जाणं मला हास्यास्पद वाटतं.

विजेचा खांब 700 मीटरवर. तिथून तारा ओढायचा खर्च ऐकल्यावर आम्ही परस्पर सौर पॅनलकडे वळलो. इथे एक गंमत कळली. 2024 साली सुरू झालेल्या सूर्यघर योजनेत छतावरच्या पॅनलना भरघोस अनुदान आहे, पण ते तारेला जोडलेल्या पॅनलना. ज्याच्याकडे वीज आहे त्याला आणखी वीज मिळायला मदत. आमच्यासारख्यांनी सगळे पैसे पदरचे घालायचे.

*

घराच्या पहिल्या तक्त्यात मी काय काय घातलं होतं ते आता वाचताना लाज वाटते. 3 किलोवॅट पॅनल, 10 युनिटांची लिथियम बॅटरी, फ्रीज, वॉशिंग मशीन आणि 300 फुटी बोअरवर दीड एचपीचा पंप. निम्मं बजेट नुसतं तारांत आणि पाइपांत जात होतं. पुण्यातला आमचा फ्लॅट उचलून मी जशाच्या तसा सड्यावर ठेवला होता.

बोअरने पहिला धडा दिला. पाणाड्या आला, तळहातावर आडवा नारळ धरून शेतभर फिरला, एका जागी नारळ उभा राहिला. मी विज्ञान शाखेची पदवीधर. तरीही उभा नारळ बघून मला बरं वाटलं हे कबूल करते. 280 फुटांपर्यंत नुसती धूळ उडाली. पन्नास हजार मातीत, शब्दशः.

मागाहून कळलं, ते शाळेतल्या भूगोलाच्या पुस्तकातच होतं. आमच्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि मे महिन्यात वाड्यावाड्यांना टँकर येतो. वरचा जांभा सच्छिद्र. पाणी त्यातून झिरपत जातं, खालच्या चिकट मातीच्या थराला लागलं की आडवं सरकतं आणि डोंगराच्या कडेला झऱ्यातून बाहेर पडून वहाळात जातं. दिवाळीपर्यंत सगळीकडे खळखळ, होळीला आवाज बंद. जांभ्याखालचा काळा पाषाण घट्ट. त्यात भेग लागली तर पाणी, नाहीतर धूळ. शिवाय पाणी लागलं असतं तरी तो दीड एचपीचा पंप सुरू होताना एवढी वीज ओढतो, की त्याच्यासाठी इन्व्हर्टर मोठा, म्हणून बॅटरी मोठी, म्हणून पॅनल जास्त. म्हणजे पाण्याच्या एका निर्णयाने विजेचा खर्च तिप्पट होत होता. वीज आणि पाणी मी तक्त्यात दोन वेगळ्या पानांवर लिहिलं होतं, ती पहिली चूक.

मग पाण्याचा हिशेब नव्याने मांडला. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर, इतकं सोपं आहे ते. ठरवलेलं घर 450 चौरस फुटांचं, पण पागोळ्यांसकट छप्पर 60 चौरस मीटर. तीन हजार मिलिमीटर धरले तर एक लाख ऐंशी हजार लिटर. पाचवा हिस्सा उडाला-सांडला तरी दीड लाखाच्या आसपास. एवढं पाणी आम्ही दोघं वर्षभर वापरणारही नाही! पैसा पाण्याला लागत नाही, ते साठवून ठेवायला लागतो. फेरोसिमेंटच्या, म्हणजे तारेच्या जाळीवर सिमेंट थापून केलेल्या, टाकीचा आम्हाला पडलेला भाव लिटरला साडेपाच रुपये. दीड लाख लिटर साठवायचे तर सव्वाआठ लाख. मग राहायचंही टाकीतच.

प्रश्न असा फिरवून विचारला: टाकीचं पाणी नेमकं किती दिवस लागतं? काकीच्या वाट्याची विहीर आम्हाला भरायला मोकळी आहे आणि ती मार्चअखेरपर्यंत पाणी देते. म्हणजे 1 एप्रिल ते 15 जून, 76 दिवस. दोन माणसं, माणशी 60 लिटर, नऊ हजारांच्या थोडं वर. हा आकडा मी मोठ्या आनंदाने काकीला दाखवला. तिने विचारलं, "आणि मे महिन्यात मुंबईची येतील त्यांनी काय अंघोळ नाही करायची?"

विसरलेच होते. वैशाखात, जेव्हा थेंब थेंब मोजायचा, नेमकी तेव्हाच घरं भरतात. आठ माणसं, दहा दिवस, आणखी 4800 लिटर. म्हणून टाकी 20 हजारांची केली, 1,10,000 रुपयांत, झाकणबंद, उजेड शिरणार नाही अशी, नाहीतर शेवाळ धरतं. घराच्या आधी टाकी बांधली आणि तिच्याशेजारी 20 चौरस मीटर पत्र्याचा मांगर, वर्षभर राहून बघायला. त्या एवढ्याशा पत्र्यावरून जुलै संपेपर्यंत टाकी तुडुंब भरली. काजूच्या रोपांसाठी कातळाच्या कडेला चार मीटर लांब, एक मीटर रुंद, एक मीटर खोल खड्डे करून त्यात प्लास्टिक अंथरलं. दापोलीच्या कृषी विद्यापीठाच्या भागात या जलकुंडांची आता लोकांना सवय झाली आहे. एकात चार हजार लिटर. त्यात बेडूक आधी आले, रोपं नंतर.

*

छपराचा वाद अजून मिटलेला नाही. मला मंगलोरी कौलं हवीत. आजोबांच्या पडक्या घराची अडीच हजार कौलं रचून ठेवली आहेत, काहींवर बासेल मिशनचा ठसा आहे. या मिशनऱ्यांनी मंगळुरात 1865 साली कौलांचा कारखाना काढला आणि मग सगळी किनारपट्टी लाल झाली. ऐन आणि किंजळीचे जुने वासे अजून टणटणीत आहेत. म्हणजे छप्पर जवळजवळ फुकट. पण आमच्याकडे निर्णय माकडं घेतात. टोळी एकदा कौलांवरून धावली की दोन दिवस कौलं फेरायचं, म्हणजे काढून पुन्हा नीट बसवायचं काम, आणि फेरणारा माणूस मिळायला आठवडा. वाडीतल्या निम्म्या घरांनी याच कारणासाठी पत्रा घातला. पत्र्याखाली मे महिन्यात काय होतं आणि आषाढात काय ऐकू येतं ते आम्ही भोगलंय. नवऱ्याचं मत पत्रा आणि खाली बांबूची तट्टी. माझं मत त्याला ठाऊक आहे. पॅनल मात्र दोघांनीही एकमताने जमिनीवर, जाळीत ठेवायचं ठरवलं, तेही माकडांमुळेच.

गोबरगॅसचा मोह बरेच दिवस होता. 2 घनमीटरच्या संयंत्राला रोज पन्नासेक किलो शेण लागतं, म्हणजे चार-पाच जनावरं. आमची लहान चणीची कोकण कपिला पुरेसं शेणही देत नाही आणि पाच गाई पाळायला आम्ही काही तिशीतले नाही. पुण्याच्या 'आरती' संस्थेने खरकट्यावर चालणारं छोटं संयंत्र काढलं, त्याला 2006 साली अ‍ॅश्डेन पुरस्कारही मिळाला. पण ते वापरायचं तर रोज खरकटं हवं. दोन माणसांच्या घरातलं खरकटं कोंबड्याच पुरू देत नाहीत. शेवटी चूल आणि सिलिंडर. सिलिंडर दापोलीहून येतो, पाखाडीवरून खांद्यावर. स्वावलंबन म्हणा, काहीही म्हणा, तो लाल रंग कोपऱ्यात दिसत राहतो.

संडास दोन शोषखड्ड्यांचा, एक भरला की दुसरा, तोवर पहिल्याचं सोनखत. यात नवीन काही नाही. कणकवलीच्या गोपुरी आश्रमात गांधीवादी अप्पासाहेब पटवर्धन स्वातंत्र्यानंतरच्या काळात हेच करत होते आणि लोक नाकाला पदर लावत होते. फक्त खड्डे विहिरीच्या खालच्या अंगाला आणि चांगले लांब. जांभ्यातून पाणी कसं झिरपतं ते बोअरने शिकवलं होतंच.

*

आता आगोट. पावसाळा बसायच्या आत करायची बेगमी म्हणजे आगोट. त्या दिवशी मांगरात पेज खाऊन झाल्यावर काकीने मला तिच्या घरी नेलं आणि माळा दाखवला. उकडा तांदूळ, कुळीथ, आमसुलं, खडं मीठ, सुकट आणि सोड्यांच्या बरण्या, सांडगी मिरची, फणसाची साटं. आठळ्या मातीत पुरलेल्या. पडवीत एका भिंतीला छपरापर्यंत लाकूडफाटा, त्याच्यापुढे शेणी, आणि शेणींच्या कप्प्यात, चुलीच्या उबेजवळ, काडेपेट्यांचा डबा. त्या डब्याने मला गप्प केलं.

3 जून 2020 ला निसर्ग वादळ आलं तेव्हा दापोली-मंडणगडच्या गावांत कित्येक आठवडे वीज नव्हती. काकीचं अर्धं छप्पर उडालं, सुपारीची बाग आडवी झाली. त्या दिवसांबद्दल मी तिला विचारलं होतं, अंधारात कसं काढलं म्हणून. तिला प्रश्न नीट कळला नाही. बागेबद्दल ती अर्धा तास बोलली, लाइटबद्दल म्हणाली, "हां, ती पण नव्हती." आगोट झालेली होती.

माझ्या तक्त्यात बारा महिने एकसारखे होते. रोज इतके युनिट, रोज इतके लिटर. काकीच्या घरात मात्र महिन्यागणिक दुसरंच घर असतं. वैशाखात ऊन मुबलक आणि पाण्याचा खडखडाट. आषाढात छपरावरून नदी वाहते आणि पॅनल आंधळं. एकाच वेळी दोन्ही पुरवायला गेलं की खर्च दुणावतो. पुण्याला परत आल्यावर मी तक्ता पुसला आणि ऋतूंप्रमाणे रकाने पाडले.

तर असं दिसलं. उन्हाळ्यात दोन कमी वॅटचे पंखे मिळून 0.6 युनिट, पंप 0.2, लॅपटॉप 0.3, दिवे-फोन-मिक्सर मिळून 0.4. दीड युनिट. 540 वॅटची दोन पॅनलं तेव्हा चार युनिट देतात, हवा तर फ्रीज चालवा. आषाढात पंखा लागत नाही. पंप लागत नाही, पाणी पत्र्यावरून आपसूक येतं. मिक्सरच्या जागी पाटा. फ्रीज बंद, काकीच्या मते पावसात अख्खं घरच फ्रीज असतं. उरतात दिवे, फोन आणि माझा लॅपटॉप, अर्ध्या युनिटाच्या आसपास. तेवढ्यावर 2.5 युनिटांची लिथियम बॅटरी चार दिवस निघते आणि झडीतही पॅनलं थोडं थोडं टाकत राहतात. 10 युनिटांची बॅटरी गेली, 3 किलोवॅट गेले. विजेचा खर्च सव्वा लाखात बसला.

लॅपटॉप हीच खरी अडचण आहे. काम मुदतीचं, मुदत पुण्या-दिल्लीची, तिथे आषाढ वेगळा. यावर मला उपाय सापडलेला नाही. जुलै-ऑगस्टमध्ये कामं निम्मी घ्यायची, असं लिहून ठेवलंय, आणि नवरा ते वाक्य मोठ्याने वाचून हसतो. निम्मी कामं म्हणजे निम्मं बिल. पण मग मे महिन्यात मी जास्त काम करीन, ऊन असेल. अर्थात तेव्हाच आठ माणसं आलेली असतील.

घराचा पाया या दिवाळीनंतर. चिरे मातीत बसवायचे, बाहेरून दर्जा, म्हणजे चिऱ्यांमधल्या फटी, तेवढ्या सिमेंटच्या. गवंड्याला ते पटत नाही, त्याच्या मते मातीत बांधलं की लोक म्हणतील पैसे संपले. संपलेच आहेत, असं सांगितलं तर तो ऐकेल बहुतेक. आजवर वाटप, बोअर, टाकी, मांगर, जलकुंडं मिळून साडेतीन लाख झाले. उरलेल्या साडेपाचात घर आणि वीज. आकडा घट्ट आहे. एप्रिलच्या शेवटी छप्पर चढलं नाही, तर ते वर्ष गेलं.

यंदा जूनच्या पहिल्या आठवड्यात आम्ही आगोट घेऊन गेलो. तांदूळ, कुळीथ, मेणबत्त्या आणि काडेपेट्यांचा घट्ट झाकणाचा डबा. पहिला पाऊस संध्याकाळी आला. वर्षभराची धूळ, पाखरांची शीट, काजूची पानं छपरावर साचलेली असतात, म्हणून पहिल्या दोन सरींचं पाणी टाकीत घ्यायचं नाही, बाहेर सोडायचं. त्यासाठी मी पाइपाला मुद्दाम वळणारं कोपर बसवून घेतलं होतं. ते फिरवलं आणि पागोळीखाली उभी राहिले.

थोड्या वेळाने पाणी जमिनीवर पडल्याचा आवाज येईना म्हणून कंदील घेऊन मागे गेले. काकी इरलं घेऊन उभी, आणि पाइपाच्या तोंडाशी तिची दोन घमेली, एक हंडा, एक फुटकी बादली ओळीने लावलेली.

"काकी, हे घाण पाणी आहे. टाकून द्यायचं असतं."

"टाक की. मी कुठं पिते आहे?" तिने भरलेलं घमेलं पायाने बाजूला सारून हंडा पुढे ढकलला. "गोठा धुवायचा राहिलाय."